ढासळलं तर आमचं

बिरू, उद्या महिना भरतो.

तू गेलास त्याला नव्हे, तुझ्या ऑपरेशनला. आपल्याकडं दिवस टेबलावरून उतरल्यापासून मोजायचे, हे तूच ठरवलं होतंस. उतरल्यापासून महिनाभर जे काही होईल ते आपलं. पेशंटचं नाही, देवाचं नाही, नशिबाचं तर नाहीच नाही. त्या हिशेबानं उद्या संध्याकाळपर्यंत तू आमच्या बोलीत, आमच्या जबाबदारीवर आहेस. म्हणून आजच लिहायला बसलो. परवापासून तू नुसता मेलेला माणूस होशील, आणि मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही.

लोणंदला तुझी शोकसभा झाली. जो उठला तो तुला देवमाणूस म्हणाला. मला उठून सांगावंसं वाटत होतं की हा देवमाणूस माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी न विचारता संपवायचा, टाके घालताना बेसूर गुणगुणायचा, आणि डोक्यात एखादं खूळ शिरलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. नाही उठलो. रडत रडत चटणीबद्दल बोललो असतो तर लोक हसले असते. सगळ्यांत मोठ्यानं तू हसला असतास. मग मी खाली मान घालून बसून राहिलो.

तुझ्या त्या खुळाची गोष्ट आज पहिल्यापासून सांगतो. तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ती कधी पुरी ऐकली नाहीस. मी नेहमी अर्ध्यातच भांडायला लागायचो.

मिरजेला आपण एकाच वर्षी शिकायला आलो. मी साताऱ्याच्या पेठेतला, तू आटपाडीच्या माळावरचा. तुझे आजोबा मेंढरं घेऊन फिरले, तुझ्या वडलांनी, तात्यांनी, मेंढरं सोडली आणि दगडी विहिरी बांधायला सुरुवात केली. पहिल्या सुट्टीत तुझ्या घरी आलो तेव्हा तात्या एका अर्धवट विहिरीच्या काठावर बसून गिऱ्हाइकाशी बोलत होते. काम उक्तं घेत होते. म्हणजे रोजावर नाही, सगळ्या विहिरीचं मिळून एकदाच काय ते ठरवायचं. बोलणी संपली, तात्या उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, “पयला पावसाळा सरंस्तवर ढासळलं तर आमचं.” गिऱ्हाइकानं मान हलवली आणि गेला. ना कागद, ना अंगठा. मला त्याची गंमत वाटली. तुला त्यात काही विशेष वाटलं नाही, तू लहानपणापासून तेच ऐकत आला होतास.

पुढं तू सर्जन झालास, मी भूलतज्ज्ञ. लोणंदला कांद्याच्या बाजारामागं तू दहा कॉटचं हॉस्पिटल काढलंस आणि मी साताऱ्याहून दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं यायला लागलो. प्रत्येक नव्या नर्सला तू माझी ओळख करून द्यायचास, “हे मधू डॉक्टर. आठवड्यातनं दोनदा भूल करतात, मी निस्तरतो.” हा विनोद मी पन्नास वेळा तरी ऐकला असेल आणि पन्नासही वेळा तोंड वाकडं केलं. आणखी एकदा ऐकायला मिळाला तर आज काय वाटेल ते देईन.

पहिली काही वर्षं आपणही चार लोकांसारखंच चालवलं. ऑपरेशनचे वेगळे, भुलीचे वेगळे, कॉटचे रोजाचे, ड्रेसिंगचे, सलाईनच्या प्रत्येक बाटलीचे. मग ती शिरवळची बाई आली. पिशवीचं ऑपरेशन झालं आणि टाके पिकले. आठवड्यात घरी जायची ती तीन आठवडे कॉटवर राहिली, आणि बिल दुपटीच्या वर गेलं. तिचा भाऊ तिकडं कारखान्यात कामाला होता. त्यानं बिल भागवलं, वर नारळ ठेवला आणि वाकून तुझ्या पाया पडला. “डाक्टर, लय उपकार झालं. दुसरा कोन असता तर बाई हाताला लागली नसती.”

त्या दिवशी तू जेवला नाहीस. माझी चटणी तशीच परत गेली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. रागावलास किंवा लाजलास की तुझ्या तोंडून आटपाडी बाहेर यायची.

“मधू, टाका माझ्या हातनं पिकला. आन त्यो जितका पिकला तितकं मला जास्ती मिळालं. वर पाया पडून गेला त्यो. हे बरोबर हाय व्हय रं?”

“सगळीकडं असंच चालतं,” मी म्हणालो.

“तात्यांची विहीर ढासळली असती आन तात्यांनी ढासळल्याचं पैसं मागितलं असतं, तर लोकांनी त्यांना त्याच विहिरीत ढकललं असतं.”

पुढच्या महिन्यात दाराशी पाटी लागली. पेंटरनं निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ऑपरेशन उक्तं’. खाली बारीक अक्षरांत, ‘महिनाभर जे होईल ते आमचं’. ऑपरेशन, भूल, कॉट, औषधं, ड्रेसिंग, सगळं मिळून एकच रक्कम, आणि ती आधी सांगितलेली. नंतर टाका पिकला, पुन्हा पोट उघडावं लागलं, तर पेशंटकडून एक पैसा घ्यायचा नाही. दुसऱ्या डॉक्टरांना त्या पाटीचा अर्थ विचारावा लागला. बाजारात कांदा घेऊन आलेल्या माणसांना लागला नाही.

मी एसटीतून उतरलो, पाटी वाचली आणि तसाच स्टँडकडं वळलो. तू अॅप्रन घालूनच रस्त्यात आडवा आलास.

“बिरू, हे हात दाखवून अवलक्षण आहे. हल्ली डॉक्टरला ग्राहक कोर्टात ओढतात, आणि तू भिंतीवर लिहून देतोस?”

“लिहिलं न्हाई तर पिकायचं थांबतंय का?”

“माणसाचं शरीर म्हणजे विहीर नव्हे.”

“व्हय. विहिरीला दुखत न्हाई.”

मग मी दुसरा मुद्दा काढला. तो मात्र खरा होता, बिरू, आजही खरा आहे. उक्तं घेणारा माणूस आधी जमीन बघतो. खाली कातळ दिसला की दुसऱ्याचं नाव सांगून मोकळा होतो. उद्या आपणही धडधाकट माणसं तेवढी घेऊ. म्हातारं, साखरेचं, दम्याचं माणूस आलं की साताऱ्याकडं बोट दाखवू. ज्याला डॉक्टरची जास्त गरज तोच दारातून परत जाईल. तुझ्या ह्या पाटीनं वाढीव बिलाचं पाप टळेल, पण हे पाप लागेल.

तू ऐकून घेतलंस. मग म्हणालास, “आपन न्हाई तसं करनार.” म्हणताना माझ्याकडं बघितलंस. आणि माझी पिशवी काढून घेऊन आत चालायला लागलास.

तुझं खूळ चाललं, हे तू असताना मी कधी कबूल केलं नाही. आता करतो. तू आमची नखं दारात तपासायला लागलास, शाळेतल्या बाई तपासतात तशी. माझीसुद्धा. हत्यारं वाफेवर घालायची वेळ आली की स्वतः घड्याळ घेऊन त्या डब्याशी उभा राहायचास, एक मिनिट कमी भरलं तर पुन्हा लाव म्हणायचास. पूर्वी मागेल त्याला सलाईन लागायचं. आता एखादी आजी कुरकुरायची, “सलाईन न्हाई लावलं? मग बरी कशी हुनार मी?” तू म्हणायचास, “आज्जी, त्या बाटलीत मिठाचं पानीच असतंय, घरी जाऊन ताक पी.” पेशंट लवकर घरी जायला लागले आणि तू मोटरसायकलवर त्यांच्या वाड्या-वस्त्या हिंडून ड्रेसिंग करायला लागलास. टाके पिकायचं खरंच कमी झालं, रं. तेच डॉक्टर, त्याच नर्स, त्याच दहा कॉट.

त्यात माझाही वाटा उक्ताच झाला. तासाचं काम तीन तास चाललं तरी तेवढंच, आणि ज्या महिन्यात दोन पेशंट बिघडले त्या महिन्यात निम्मं. मुलं मोठी होत होती, साताऱ्यात घर बांधायला काढलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही, नुसतं सांगतोय.

गेनू अण्णा अशाच एका महिन्यात आले.

दोन वर्षं झाली त्याला. रेल्वेतून गँगमन म्हणून रिटायर झालेला माणूस, रुळांच्या पलीकडच्या वाडीतला. हर्निया मुठीएवढा झालेला, अंगात साखर, आणि बिडीचा खोकला. बरोबर त्यांची बायको, सखुबाई. “आवं डाक्टर, उक्तं घेताय न्हवं? मग आमचं बी घ्या की.” तू हसलास. मला म्हणालास, “मधू, छाती बघ. तू हो म्हन, शुक्रवारी करून टाकू.”

मी छाती बघितली. घरघर होती. पण त्याहून वाईट छातीच्या माणसांना मी कमरेत सुई देऊन भूल दिली होती, आणि ती चहा मागत टेबलावरून उतरली होती. छातीला मी भ्यालो नाही. मी भ्यालो त्यांच्या साखरेला. जखम लवकर भरायची नाही, कॉट अडून राहणार, आणि सगळं आपल्या अंगावर. चिठ्ठीवर लिहिलं, ‘भुलीस अयोग्य, साताऱ्यास मोठ्या दवाखान्यात न्यावे’. ती दोघं उठून गेली, आणि मी मनात म्हणालो, सुंठीवाचून खोकला गेला.

कातळ बघून विहीर सोडली मी. तुला ज्याची भीती घातली होती, ते मीच केलं. दुसरं कुणीही नाही.

अण्णा साताऱ्याला गेलेच नाहीत. तीन आठवड्यांनी आतडं अडकून पिळलं. टेम्पोत घालून तुझ्याकडंच आणत होते, रेल्वे फाटक बंद होतं, तिथंच गेले. फाटक उघडेपर्यंत सखुबाई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, असं टेम्पोवाल्यानं सांगितलं.

नंतरच्या शुक्रवारी, दोन ऑपरेशनांच्या मध्ये चहा पिताना तू विचारलंस.

“मधू, खरं सांग. छाती लय वाईट हुती?”

“होती.”

तू माझ्याकडं जरा वेळ बघितलंस. “तू म्हनतोस तर असंल,” म्हणालास आणि हात धुवायला गेलास. नेहमीपेक्षा जास्त वेळ धूत होतास. पुन्हा तो विषय काढला नाहीस. मला वाटलं, विसरलास. तुला असल्या गोष्टी विसरता येत नाहीत हे माहीत असून वाटलं, कारण तसं वाटणं माझ्या सोयीचं होतं.

आणि तू, लोकांची पोटं उघडून बघणारा, स्वतःच्या पोटातली कळ चार दिवस गोळ्यांवर काढलीस. गॅस झालाय म्हणालास. मी समोर होतो, मंगळवारी पाच भुली दिल्या, तुझा चेहरा पिवळा पडलेला दिसत होता, आणि मी थट्टा केली की चटणी बाधली असेल. दुसऱ्या दिवशी तू तात्यांकडं आटपाडीला गेलास आणि तिथं आडवा झालास. अपेंडिक्स फुटलं होतं. तुला सांगलीला नेलं, तिथं सर्जन आपल्याच वर्षाचा. वहिनींनी एसटीडी बूथवरून फोन केला, “भावजी, हे म्हणतायत भूल मधूच देईल.” सलाईन लावून ते तुझी तयारी करेपर्यंत मी जीप करून पोचलो.

टेबलावर तू मला बघून हसलास. मास्कमागं मी ओळखू येणार नाही असं मला का वाटलं कोण जाणे. मी तुझा डावा हात सरळ करून शीर शोधत होतो. तू हळूच म्हणालास, “मधू, गेनू अण्णाची छाती...”

मी तुला पुढं बोलू दिलं नाही. “दहापासून उलटे आकडे म्हण,” म्हणालो. हजारो लोकांना हेच सांगत आलोय. तू माझ्याकडं बघत राहिलास, आणि मग शहाण्या पेशंटसारखं म्हणायला लागलास. “दहा... नऊ...” माझा अंगठा सिरिंजवर होता. मी नेहमीपेक्षा घाई केली, बिरू. औषध गेलं. “आठ,” तू म्हणालास.

इतक्या वर्षांची आपली बडबड, भांडणं, शिव्या, आणि तू माझ्याशी बोललेला शेवटचा शब्द ‘आठ’.

पोटभर पू होता. धुऊन काढला, जेवढं करायचं ते सगळं केलं. तू शुद्धीवर आलास, पण घशातली नळी काढण्याजोगा झाला नाहीस. दोन दिवस मी कॉटशेजारी होतो. तू डोळ्यांनी बोलायचास. दुसऱ्या दिवशी बोट उचलून मला दाखवलंस आणि मग तेच बोट आपल्या छातीवर टेकवलंस. पुन्हा दाखवलंस, पुन्हा टेकवलंस. मला वाटलं, तू अजून तेच विचारतोयस, छाती, गेनू अण्णाची छाती. मी म्हणालो, “झोप आता.” तिसऱ्या दिवशी दुपारी तू गेलास.

बोलता येत नव्हतं तुला. तुझ्या घशात नळी होती. माझ्या घशात काय होतं? दोन दिवस होते माझ्याकडं, आणि एका वाक्याचं काम होतं.

दहाव्यानंतर तात्या लोणंदला आले. तुझ्या खोलीत तुझ्या खुर्चीवर न बसता खाली जमिनीवर बसले. मी समोर बसलो. मग म्हणाले, “डाक्टर, बिरूनं उक्तं घेतलेली किती मानसं हायती अजून?”

“महिना न भरलेली? नऊ, तात्या.”

“मग?”

एवढंच म्हणाले. मुलगा गेलेला बाप, आणि एवढंच म्हणाला. मी उठलो, तुझी ड्रेसिंगची पिशवी घेतली. टाके काढणं हे काही भूलतज्ज्ञाचं काम नव्हे. तुझी मोटरसायकल मला पेलत नाही, वस्तीवरची कुत्री माझ्यावर भुंकतात आणि बायाबापड्या मला बघून रडायला लागतात. पण आठ घरं झाली. कुणाचं काही ढासळलेलं नाही, तू काम चोख केलं होतंस. काल नववं घर झालं, ते रुळांच्या पलीकडच्या वाडीत होतं. तिथून सखुबाईंचं घर दिसत होतं. तुला सांगायचं राहिलं ते निदान तिला तरी सांगावं, म्हणून मी गेलो. पाय ओढत नेले, खोटं कशाला बोलू.

“वळखलं,” म्हातारी म्हणाली. “भूल द्यायचं डाक्टर.” भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली अण्णांचा हिरवा-लाल बावटा घडी करून ठेवलेला. तिनं चहा टाकला. मी सुरुवात केली, “आज्जी, अण्णांच्या ऑपरेशनला आम्ही नाही म्हणालो, ती चूक...”

“ठावं हाय की,” ती म्हणाली. “बिरू डाक्टरांनीच सांगितलं. हे गेलं, त्याच आठवड्यात आलं हुतं. तुमी बसलाय तितंच बसलं. म्हनालं, आज्जी, भूल देता येत हुती, मीच भ्यालो, मीच न्हाई म्हनलो. लय रडलं. मग दर म्हयन्याला यायचं. कवा गोळ्या घेऊन, कवा असंच. च्या घ्यायचं आन जायचं.”

माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला.

म्हणजे चहा पिताना मला विचारलंस, तेव्हा तुला माहीत होतं. चिठ्ठी बघितली असशील, अण्णांचे कागद बघितले असशील, नाहीतर नुसता माझा चेहरा बघितला असशील. तू छातीबद्दल विचारतच नव्हतास. मला खरं बोलायला एक जागा करून देत होतास, आणि मी ती घेतली नाही. मग माझं खोटं तू उचललंस आणि रूळ ओलांडून इथं येऊन स्वतःच्या नावावर केलंस. दोन वर्षं. मला एका शब्दानं बोलला नाहीस. ते सांगलीतलं बोट आता मला झोपू देत नाही. मी, मग तुझी छाती. तुझं ते माझ्याकडं, असं म्हणत होतास का रं? आता कुणाला विचारू?

“आज्जी,” मी म्हणालो, “ते खोटं बोलले. नाही म्हणणारा मी. चिठ्ठी माझ्या हातची. ते तर करू म्हणत होते.”

तेवढ्यात मालगाडी आली. गाडी जाईपर्यंत बोलायचं नाही ही रेल्वेच्या घरांतली सवय असते, नाहीतरी काही ऐकू येत नाही. खूप लांब गाडी होती. भांडी थरथरत होती, आणि म्हातारी दारातून रुळांकडं बघत होती. शेवटचा डबा गेला. तिनं पदरानं डोळे पुसले. मला वाटलं, आता ही मला बाहेर काढणार, आणि काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

“त्यांचं येनं चुकलं ह्या म्हयन्याला,” ती म्हणाली. “आता तुमी येत जावा.”

मी हो म्हणालो. मुदत तिनं घातली नाही, मीही विचारली नाही. तिनं गार झालेला चहा परत तापवून दिला, आणि मी तो पिऊन निघालो.

उद्या तुझा महिना भरतो. तो भरायच्या आत तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलंय. त्याला फार उशीर झालाय, मला माहीत आहे.

नव्हती, बिरू. छाती एवढी वाईट नव्हती.